दोन जीबीचा खुलासा

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बायकोच्या स्वयंपाकघरातला नळ हवेत लटकला. खाली सिंक नव्हतं, मागे भिंत नव्हती, नुसता नळ. अर्ध्या मिनिटाने भिंत आली, तीही अर्धीच. बायकोने एक कप्पा उघडायला घेतला, तर कप्पा राहिला बाजूला, सगळं चित्रच थिजलं आणि वर पाटी आली : 'ग्राफिक्ससाठी मेमरी अपुरी आहे.'

हे स्वयंपाकघर आमच्या घरातलं नव्हे. आमच्या घरातला नळ फक्त गळतो. हे संगणकातलं. बायकोने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाकघरांचे आराखडे काढायचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पार पाडला होता आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, शनिवारी चार वाजता आमच्या घरी येऊन आपलं होणारं स्वयंपाकघर पडद्यावर 'चालून' बघणार होत्या. चालून म्हणजे बसल्या जागी. माउस सरकवला की आपण दारातून आत शिरतो, ओट्यापाशी वळतो, कप्पे उघडतो, खिडकीतून ऊन येतं. रविवारी याच बाई एका मोठ्या कंपनीत दुसरं स्वयंपाकघर बघायला जाणार होत्या. तिथला पडदा म्हणे भिंतीएवढा होता.

तीन आठवडे बायको त्या घरी जाऊन मापं घेत होती. बाईंच्या कोपराची उंची, त्यांच्या सासूबाईंचा हात किती वर जातो, डबे किती, झाकणं किती. फ्रिजवर तिने चिठ्ठी लावली होती, 'शनिवार, ४'. खाली दोन रेघा. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एक रेघसुद्धा मिळत नाही.

"अहो, शनिवारी असंच झालं तर?" ती म्हणाली.

ती मला बोल लावत नव्हती. पण तो संगणक मी आणलेला होता. आमच्या ऑफिसने जुनी यंत्रं मोडीत काढली, त्यातला हा मी स्वतः ठोकून, वाजवून, निवडून आणला होता, आणि आणताना "दणकट आहे, पुढची दहा वर्षं बघायला नको" असं जिन्यात उभं राहून चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो होतो.

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. तिचं सगळं आयुष्य संगणकांतच जातं.

"बाबा, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये. ते बिचारं मशीनच्याच मेमरीतली थोडी उसनी घेतं. आठ जीबीतला फक्त अर्धा जीबी दिलाय त्याला. बायोसमध्ये जा, वाटा अर्ध्याचा दोन करा, झालं. पाच मिनिटांचं काम आहे."

"बायोस म्हणजे?"

"मशीन सुरू होतानाची सेटिंग. सुरू होताना डिलीटचं बटण दाबायचं. दोनच द्या हं बाबा, जास्त नको."

मला हे ताबडतोब समजलं. घरात ओटा एक. एक जण स्वयंपाक करणारा, दुसरा ताटं सजवणारा. सजवणाऱ्याला ओट्याची कडेची चार बोटं जागा दिलेली, त्यावर तो ताटं सजवणार कशी? मग नळ हवेत लटकणारच. त्याला जरा सरकून जागा करून द्यायची, एवढाच प्रश्न होता.

"मी करतो," मी म्हणालो.

इथे माझा थोडा परिचय देणं भाग आहे. मी आमच्या ऑफिसात हजेरी बघतो. सव्वीस वर्षं. दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत आलेल्याची सही निळ्या शाईत, नंतर आलेल्याच्या नावापुढे माझ्या लाल पेनाची खूण. महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की अर्धी रजा गेली. उशिरा येणाऱ्याने लेखी खुलासा द्यायचा, मी तो वाचायचा आणि कोपऱ्यात लिहायचं, 'कारण पुरेसे नाही'. सव्वीस वर्षांत 'पुरेसे आहे' असं मी एकदाही लिहिलेलं नाही. एकाच्या घराचा जिना कोसळला होता, तेव्हा विचार केला होता. माझ्यामागे मला 'लाल पेन' म्हणतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत कसं होतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मशीन बंद केलं, सुरू केलं आणि डिलीट दाबलं. संगणक नेहमीसारखा चालू झाला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तेच. ते बटण दाबायची म्हणून एक वेळ असते, पापणी लवेल एवढी, आणि ती माझ्या हातून दर वेळी निसटत होती. सहाव्या खेपेला बायको हळूच म्हणाली, "अहो, उशीर होतोय तुम्हाला."

हे वाक्य माझ्याबद्दल कोणीही कधीही उच्चारलेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आठव्या खेपेला वेळ साधली. निळा पडदा आला आणि त्यावर एकच चौकट : 'पासवर्ड द्या'.

मशीन ऑफिसचं. पासवर्ड ऑफिसचा. आणि ऑफिसचे पासवर्ड एकाच माणसाकडे असतात.

त्या माणसाला सगळे 'दहाचौदा' म्हणतात. तो आमच्या संगणक कक्षात बसतो, चाळिशीचा आहे, कामात वाकबगार आहे आणि उशिरा येतो तेव्हा नेमका दहा वाजून चौदा मिनिटांनी येतो. तेरा नाही, पंधरा नाही. इतकी शिस्त असलेला माणूस चार मिनिटं आधी का निघू शकत नाही, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. एरवी तो वेळेवर येऊन माझी फजिती करतो, पण या महिन्यात त्याच्या नावापुढे दोन लाल खुणा झालेल्या होत्या. दुसरी याच मंगळवारची.

शुक्रवारी सकाळी मी तिसरा मजला चढून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"या साहेब. कोणाला उशीर झाला?"

"काम माझं आहे. खासगी."

मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, खण उघडला आणि एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. 'पासवर्ड मागणी अर्ज'. हा नमुना मी ओळखला. तीन वर्षांपूर्वी संगणक कक्षात सगळा कारभार तोंडी चालतो अशी लेखी तक्रार मीच केली होती, त्यातून हा कागद जन्माला आला होता.

मी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ग्राफिक्सचा वाटा वाढवणे'. यंत्राच्या क्रमांकापाशी अडलो.

"क्रमांक नाही त्याला," दहाचौदा म्हणाला. "ते मशीन मोडीत निघालंय. कागदोपत्री ते आता नाहीच. जे नाही त्याचा पासवर्ड मी कसा देणार?"

"अहो, ते माझ्या घरी टेबलावर आहे!"

"असेल ना साहेब. पण कागदावर नाही. भांडारातून तसा दाखला आणा."

भांडार सांभाळणारे गृहस्थ सोमवारपर्यंत रजेवर होते. त्यांची रजा मीच नोंदवली होती.

दहाचौदाने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मंगळवारची ती खूण जर निळी झाली असती, तर दाखला मागाहून आला तरी चाललं असतं."

मी उठलो. "हजेरीपत्रकात खाडाखोड होत नाही," असं म्हणालो आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो. मान दुसऱ्या मजल्यापर्यंत ताठ राहिली. तिथे मला तो लटकलेला नळ आठवला, आणि खोटं कशाला बोलू, मी तीन पायऱ्या परत वर चढलो. तिथे जरा उभा राहिलो. एक टिंब. लाल टिंबावर निळं टिंब, कोणाला कळणार होतं? मग मला माझाच इतका राग आला की मी उरलेला जिना धावत उतरलो.

संध्याकाळी तळमजल्यावरचे वायरमनकाका वर आले. ते निवृत्त आहेत, पण त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर अजून नोकरीवर आहे. सगळी हकिकत ऐकून ते हसले.

"पासवर्ड कशाला हवा? आत बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो. तो काढला, दहा मिनिटं थांबलं, की मशीन सगळं विसरतं."

"सगळं म्हणजे?" बायकोने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं."

हा प्रश्न बायकोने विचारला होता, मी नाही. मी त्या उत्तरावर खूश झालो. नियम न मोडता, खूण न पुसता, दहाचौदाच्या नाकावर टिच्चून काम होणार होतं. मी पेटीचे स्क्रू काढायला बसलो. तेवढ्यात समोरच्या काकू स्वतःचं स्टूल घेऊन बघायला आल्या. यंत्र उघडताना ओला हात लावू नये, चप्पल घालून बसावं आणि उत्तरेकडे तोंड नसावं, असे तीन सल्ले त्यांनी ओळीने दिले. शेवटचा कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी मात्र जरा वळून बसलो.

सेल निघाला. काकांनी तो "हरवायला नको" म्हणून आपल्या खिशात टाकला. मग त्यांना खालून जेवायला हाक आली. दहा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. काका वर आले ते बनियनवर.

"शर्ट?" मी विचारलं.

"धुवायला गेला की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

सेल सापडला. धुलाईयंत्राच्या तळाशी, लख्ख. टेस्टर लावून काकांनी त्याचं निधन जाहीर केलं. दुकानं बंद व्हायला आली होती. बायको भिंतीला टेकून उभी होती आणि सारखी फ्रिजवरच्या चिठ्ठीकडे बघत होती. काकू उठून गेल्या आणि घरून वजनकाटा घेऊन आल्या.

"यातला घ्या. तसलाच आहे. नाहीतरी हा काटा खोटंच सांगतो."

काकूंच्या वजनावर आमचा संगणक सुरू झाला. पासवर्ड त्याने विचारला नाही. मी विजयी मुद्रेने वाट्याच्या ओळीपाशी पोचलो : अर्धा, एक, दोन, चार.

"दोन म्हणाली ना ती?" बायको म्हणाली.

"दोनच का?" काकू म्हणाल्या. "एवढं उघडलंयत तर चार देऊन टाका. परत परत कोण बसणार?"

"लोड जास्त आहे. चार," काका म्हणाले.

बहुमत झालं. मी चार दिले. आता निम्मा ओटा ताटं सजवणाऱ्याचा झाला आणि स्वयंपाक करणारा कोपऱ्यात दबून उभा राहिला. मशीन सुरू व्हायलाच अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. नंतर माउस हलवला की बाण हलावा की नाही यावर ते यंत्र बराच वेळ विचार करायचं. बायकोच्या प्रोग्रॅमपर्यंत आम्ही पोचलोच नाही. काकू म्हणाल्या, "मी तर नुसतं सुचवलं." मी परत आत जाऊन दोन केले.

आणि सगळं कसं छान झालं! मशीन पटकन उठलं, बाण पळायला लागला. बायकोच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. तिने आपला प्रोग्रॅम उघडला.

पाटी आली. यावेळी लाल अक्षरांत.

'या संगणकाच्या घड्याळात हेतुपुरस्सर फेरफार झाल्याचे आढळले आहे. आपला परवाना स्थगित करण्यात आला आहे.'

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी, सोळा वर्षांपूर्वीची. सगळं विसरतं म्हणजे सगळंच. वेळसुद्धा त्या सेलवरच चालत होती. मी धडपडत तारीख दुरुस्त केली, मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम सेकंदसुद्धा जुळवले. पाटी हलली नाही. परवान्याची मुदत लांबवायला काही लबाड लोक घड्याळ मागे नेतात म्हणे, म्हणून प्रोग्रॅम एकदा रुसला की कंपनीने उघडल्याशिवाय उघडत नाही.

सव्वीस वर्षं मी या शहरातल्या घड्याळांची बाजू घेऊन भांडलो होतो. आणि आता एक यंत्र मला, मला, घड्याळ मागे नेणारा लबाड म्हणत होतं, तेही शेजाऱ्यांसमोर. काका टेस्टर खिशात घालायला गेले, पण खिसा नव्हता. ते तसेच हातात धरून निघून गेले. काकूंनीही स्टूल उचललं.

बायको रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने मापांची वही मिटली, तिच्यावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "उद्या बाईंना फोन करून नको म्हणून सांगते. रविवारचं आहेच त्यांचं दुसरीकडे."

"चार वाजेपर्यंत थांब," मी म्हणालो. मला माझी फार लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी नऊला मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या.

"घड्याळ मागे का नेलं, याचा लेखी खुलासा मेल करा सर."

मी ऑफिसात दहाच्या आधी, माझ्या स्वतःच्या वेळात, तो खुलासा लिहिला. आयुष्यात हजारो खुलासे वाचले, लिहायची ही पहिलीच वेळ. 'सेल काढावा लागल्यामुळे', 'सेल शेजाऱ्यांच्या शर्टाबरोबर धुतला गेल्यामुळे', 'पर्यायी सेल वजनकाट्यातून घेतल्यामुळे'. लिहून झाल्यावर वाचला. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो शेवटपर्यंत वाचलाही नसता.

बारा वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. 'आपला खुलासा मिळाला. दिलेले कारण पुरेसे नाही. अधिक तपशिलासाठी सोमवारनंतर संपर्क साधावा.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेच शब्द. मी ते किती हजार वेळा लिहिले असतील, आणि वाचणाऱ्याला पोटात नेमकं कुठे लागतात ते मला आज कळलं.

मी तिसरा मजला चढलो. यावेळी मान कुठल्या अवस्थेत होती याकडे माझं लक्ष नव्हतं.

दहाचौदाने सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही? घड्याळ मागे?" मग तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. मी उभा राहिलो. हसून झाल्यावर त्याने डोळे टिपले.

"आपल्या नकाशा शाखेत हाच प्रोग्रॅम आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे असंच झालं होतं. कंपनीचा एक दुसरा नंबर आहे, पाचपर्यंत चालू असतो. त्यांना आकडे वाचून दाखवायचे, ते उत्तरादाखल दुसरे आकडे देतात. मशीनसमोर बसूनच करावं लागतं. पंचवीस मिनिटं धरा. साडेतीनला येतो तुमच्याकडे."

"आत्ता नाही जमणार?"

"आत्ता ऑफिस सुटायचंय साहेब," तो मला म्हणाला. मला! "आणि माझी एक अट आहे."

माझा हात आपोआप खिशातल्या पेनावर गेला. "मंगळवारची खूण?"

"ती राहू दे. अट घरी आल्यावर सांगतो."

मी जागेवर येऊन बसलो, पण बसवेना. शनिवारी ऑफिस दीडला सुटतं. घरी बायको एकटी त्या लाल पाटीसमोर बसली होती. बारा पस्तीसला मी उठलो आणि कोणाला न सांगता, पत्रकात नोंद न करता, मागच्या फाटकातून बाहेर पडलो. शिपायाने मला बघून सलाम केला. माझ्याबद्दल त्याला शंकासुद्धा आली नाही, याचंच मला जास्त लागलं.

साडेतीन वाजले. दहाचौदा नाही. मी बाल्कनीत उभा होतो. तीन पस्तीस. बायकोने पडद्यासमोर दुसरी खुर्ची मांडली, मग काढली, मग परत मांडली. तीन चाळीस. समोरच्या बाल्कनीतून काकूंनी खुणेने "आला का?" विचारलं, खालच्या फाटकापाशी काकांनी हाताने "नाही" सांगितलं. तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी दहाचौदा जिना चढून आला. चौदा मिनिटं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

तो खुर्चीत बसला. मग माझ्याकडे वळला. "अट. ही पाटी मला वाचून दाखवा."

"अहो, पावणेचार झालेत!"

"छोटीच आहे. मोठ्याने वाचा, म्हणजे दारातल्या लोकांनाही ऐकू येईल."

दारात काका होते, काकू होत्या, स्टूल होतं. मी बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मी कोर्टात उभं राहूनसुद्धा वाचलं असतं. मी घसा साफ केला. "या संगणकाच्या घड्याळात हेतुपुरस्सर फेरफार झाल्याचे आढळले आहे." मी परवान्यापर्यंत सगळं वाचलं.

"धन्यवाद," दहाचौदा म्हणाला. तो हसला नाही. फोन कानाला लावून कामाला लागला.

बरोबर चार वाजता बेल वाजली. वेळेवर आलेल्या माणसाचा मला राग आला, असं आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. मी मनातल्या मनात विनवत होतो, बाई, दहा मिनिटं उशिरा या, सगळं जग येतं तसं या. पण डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या आणि घड्याळ बघत होत्या. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, आतलं दार ओढून घेतलं आणि पाणी दिलं.

"मॅडम आहेत ना?"

"आहेत. आत आहेत. तुमचं स्वयंपाकघर आवरतायत."

त्यांना हे विनोदी वाटलं असावं. आतून दहाचौदाचा आवाज येत होता, "सात, चार, शून्य, शून्य… नाही हो, दोन शून्य." मी परत पाणी दिलं. चार वाजून तीन मिनिटं. तिसऱ्यांदा पाणी आणायला उठलो तेव्हा बाईंनी पर्स उचलली. "मला पाचला दवाखान्यात पोचायचंय. तुमचं काही अडत असेल तर राहू द्या."

माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात काकू पुढे आल्या, आपलं स्टूल बाईंच्या समोर ठेवून त्यावर बसल्या आणि त्यांनी आ केला.

"ही उजवीकडची दाढ. चार महिने ठणकतेय."

डॉक्टर म्हणजे डॉक्टर. बाईंनी पर्स खाली ठेवली. "जरा उजेड हवा." काका धावत जाऊन टॉर्च घेऊन आले. पुढची सात मिनिटं बाई दाढ बघत होत्या, काका टॉर्च धरून होते, काकू उघड्या तोंडाने माझ्याकडे डोळे वटारून 'झालं का' विचारत होत्या आणि मी आतले आकडे ऐकत होतो. मग आकडे थांबले. काम झालं म्हणून थांबले की फसलं म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

दार उघडलं. बायको म्हणाली, "या."

नळ भिंतीवर होता. नळाखाली सिंक होतं. बायकोने माउस बाईंच्या हातात दिला, आणि चित्र जरासुद्धा अडखळलं नाही. बाई दारातून आत शिरल्या, ओट्यापाशी वळल्या, कप्पा उघडला, मिटला. ऊन आलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. आणि कोपऱ्यातल्या कपाटापाशी चित्र थांबलं. हलेना. दोन कमीच पडले, असं वाटून गेलं.

पण माउस बाईंनीच थांबवला होता.

"हे दार असं उलट्या बाजूला का उघडतं?"

"तुम्ही डावखुऱ्या आहात ना," बायको म्हणाली. "डावा हात मोकळा राहायला हवा. पहिल्या दिवशी तुम्ही चहाचा कप उचललात तेव्हा बघितलं होतं."

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "आमच्या घरात हे सतरा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मला एकीकडे जायचं होतं, ते रद्द करते. सोमवारी याल का, मापं पक्की करायला?"

बायकोने "येते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात, म्हणजे आमच्या खऱ्या स्वयंपाकघरात, गेली. मी मागून गेलो तर ती गळक्या नळाला धरून रडत होती. मीही थोडा रडलो. बाहेर आलो तेव्हा दहाचौदा निघून गेला होता. त्याला चहासुद्धा विचारायचा राहिला.

सोमवारी मी नऊ चाळीसला ऑफिसात पोचलो. शनिवारचं पान उघडलं. माझ्या नावापुढे बाहेर पडण्याच्या रकान्यात लाल पेनाने बारा पस्तीस लिहिलं. पुढे 'विनापरवानगी' लिहिलं. मग नव्या पानावर सह्या सुरू झाल्या.

दहाचौदा दहा वाजून चौदा मिनिटांनी आला. मी त्याच्या नावापुढे लाल खूण केली. तिसरी. त्याची अर्धी रजा गेली. त्याने ती खूण बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मला वाटतं त्याला दुसरी काही अपेक्षाही नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. शनिवारचं पान उलटून त्याच्यापुढे धरलं. "तिसरी ओळ. वाचा. मोठ्याने."

त्याने माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला, वेळ वाचली, 'विनापरवानगी' वाचलं. रांगेतल्या कोणीतरी पेन खाली पाडलं.

"खुलासा?" त्याने विचारलं.

मी खणातून कागद काढून दिला. रविवारी चार वेळा लिहून फाडला होता. सेल, शर्ट, वजनकाटा, दाढ, सगळं गाळत गाळत शेवटी एकच ओळ उरली होती : 'बायकोचं काम होतं.'

दहाचौदाने ती ओळ वाचली. मनातल्या मनात वाचली, मोठ्याने नाही. मग त्याने माझ्या हातातलं लाल पेन काढून घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात, जिथे मी लिहितो नेमकं तिथे, लिहिलं, 'कारण पुरेसे आहे'.

त्याला तसा अधिकार नव्हता. मी तो कागद फाइलला लावला.